धरणातील छोट्या होडीची आणि जाळ्यांची देखभाल

समुद्रातील होडीला खारे पाणी आणि लाकूड पोखरणारा किडा असे दोन शत्रू असतात. त्यामुळे धरणात मासेमारी करणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की गोड्या पाण्यातील होडीला फारशी निगा लागत नाही. लाकूड पोखरणारा तो किडा खाऱ्या आणि मचूळ पाण्यातच जगतो, हे खरे आहे. परंतु लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ सोसत नाही आणि गोडे पाणी चांगले मानवते. म्हणूनच तळ्यातील लाकडी होडी बहुधा बाहेरून नव्हे, तर आतून जाते. तळाशी चार बोटे पावसाचे पाणी साचते, त्यात माशांची खवले व चिखल पडून राहतो, वर फळ्या अंथरलेल्या असल्याने वारा लागत नाही, आणि दोन पावसाळ्यांत आतील बरगड्या भुसभुशीत होतात. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. त्यामुळे देखभालीचा मोठा भाग म्हणजे होडी आतून कोरडी आणि हवेशीर ठेवणे हाच आहे. रंग आणि डांबर यांचा क्रम त्यानंतर येतो.

या लेखात साधारण 14 ते 16 फूट लांबीची, दोन माणसांनी चालवायची होडी आणि तिच्यावरील जाळी, गळ, दोर यांचा विचार केला आहे. उदाहरण म्हणून भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय, म्हणजे यशवंतसागर, डोळ्यांसमोर ठेवला आहे. कटला, रोहू, मृगळ, चिलापी, मरळ आणि वाम यांच्यासाठी तेथे गळजाळी (ज्यांत मासा कल्ल्यांशी अडकतो अशी जाळी) लागतात, आणि लाकडी, पत्र्याच्या व फायबरच्या अशा तिन्ही प्रकारच्या होड्या पाण्यात असतात. इतर धरणांवर व मालगुजारी तलावांवर माशांची आणि वाऱ्याची तऱ्हा बदलते, पण कामाचा क्रम तोच राहतो.

होडी केव्हा बाहेर काढावी

एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात उजनीची पातळी अनेकदा वजा टक्केवारीत, म्हणजे वापरण्याजोग्या साठ्याच्याही खाली जाते, पाणी मागे सरते आणि होडी काठावर ओढणे सोपे होते. मोठ्या दुरुस्तीचा काळ हाच. जूनच्या दमट हवेत लावलेला रंग धड वाळत नाही आणि फायबरच्या थरात ओल अडकते. जून ते ऑगस्ट हा कटला, रोहू, मृगळ यांच्या प्रजननाचा काळ असल्याने त्या दिवसांत जाळी तशीही विश्रांतीला असावीत. तेव्हा उन्हाळ्यात होडी आणि पावसाळ्यात घराच्या ओट्यावर बसून जाळी, अशी कामाची वाटणी करावी.

लाकडी होडी मे महिन्याच्या उन्हात उघडी टाकू नये. फळ्या झपाट्याने आकसतात, सांधे उघडतात आणि कधी फळीच उभी चिरते. झाडाच्या किंवा ताडपत्रीच्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच ओंडक्यांवर, होडी किंचित कलती ठेवावी, म्हणजे आतील पाणी एका कोपऱ्यात येऊन निथळते. ताडपत्री होडीला चिकटवून बांधू नये. दोन्ही टोकांना वारा खेळेल इतके अंतर हवे. फायबरच्या होडीला ऊन तितकेसे बाधत नाही, पण तिलाही सलग आधार लागतो. दोनच टोकांवर ठेवलेली फायबरची होडी मध्ये झोल धरते आणि तळाला बारीक चिरा पडतात.

धुणे आणि तपासणी

प्रथम आतील फळ्या, जाळ्यांच्या पाट्या, डबे असे सर्व काही बाहेर काढावे. तळाचा गाळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढून काथ्याने आणि साध्या पाण्याने घासावे. तारेचा ब्रश लाकडावर आणि फायबरवर वापरू नये. बाहेरच्या बाजूला जमलेले शेवाळ ओले असतानाच निघते, वाळल्यावर ते रंगासकट ओढून काढावे लागते. समुद्री होड्यांना तळाला लावतात तो तांबेयुक्त विषारी रंग तळ्यात लागत नाही. येथे शंख-शिंपल्यांचे थर चढत नाहीत, शेवाळाला घासणी पुरेशी आहे, आणि ते पाणी पुढे कोणाच्या तरी नळाला जाते.

होडी आठवडाभर वाळल्यावर तपासणी करावी. हातात दाभण किंवा जुना पेचकस आणि लाकडी मुठीची हातोडी असावी. हातोडीच्या मुठीने फळी, बरगड्या आणि तळाचा कणा वीत-वीत अंतरावर ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले भद्द आवाज देते. जेथे शंका येईल तेथे दाभण टोचावा. तो तिरपा घालून लाकूड उचकटल्यास लांब तंतू निघाले तर लाकूड चांगले आहे, आणि आखूड तुकडा कडकन तुटून आला तर आतून कुजण्यास सुरुवात झालेली आहे. बरगडी आणि फळी जेथे टेकतात ती जागा, बसण्याच्या फळीची टोके आणि मागची आडवी फळी खालून, ही तीन ठिकाणे सर्वांत आधी तपासावीत, कारण तेथे पाणी अडून राहते. लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग आणि मऊ लाकूड दिसले तर केवळ खिळा बदलून भागत नाही. गंज आणि लाकडातील आम्ल यांनी भोवतालचे लाकूडही खाल्लेले असते. असे भोक साफ करून त्यात सागाची खुंटी ठोकावी आणि नवा, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा थोड्या अंतरावर मारावा.

लाकडी होडीची दुरुस्ती

कुजलेला भाग रंगाखाली झाकणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय होय. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे हातभर तरी पोहोचलेली असते, म्हणून चांगले लाकूड लागल्यावरही थोडे पुढे कापावे आणि तेथे त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा तुकडा बसवावा. उरलेल्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे द्रावण पाजावे. एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ते ब्रशने, दोन दिवसांच्या अंतराने, दोन ते तीन वेळा लावावे. हे मिश्रण बुरशी आणि वाळवी दोन्हींना रोखते. मात्र ते पाण्यात विरघळणारे असल्याने वर तेलाचा किंवा रंगाचा थर हवाच, नाहीतर एका हंगामात धुऊन जाते.

सांध्यांतील जुनी भर वाकड्या टोकाच्या हुकाने पूर्ण उकरून काढावी. अर्धवट राहिलेल्या जुन्या डांबरावर नवी भर कधीच धरत नाही. कोरड्या सांध्यात सुताची पिळदार वात तेलात भिजवून, बोथट छिन्नीने हलक्या हाताने बसवावी. येथे उत्साह आवरावा लागतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, आणि वात गच्च ठोकलेली असेल तर त्या फुगण्याच्या जोराने खिळे उपटले जातात किंवा फळीची कड फुटते. वात फळीच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहावी आणि वरची जागा राळ व जवसाच्या तेलाच्या मिश्रणाने भरावी. राळेची पूड मंद आचेवर तेलात विरघळवताना भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये. काम उघड्यावर करावे आणि शेजारी वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकल्यास आग उडून अंगावर येते.

रंगाच्या बाबतीत माझे मत काहींना पटणार नाही. बाहेरून काळा डांबरी रंग द्यावा, परंतु आतून डांबर मुळीच लावू नये. होडीत पाणी येणारच. डांबराचा थर ते लाकडात कोंडतो आणि खाली चाललेली कुज दिसू देत नाही. आतून जवसाच्या तेलाचे पातळ दोन-तीन हात पुरेसे आहेत. ते दरवर्षी द्यावे लागतात, पण लाकूड डोळ्यांसमोर राहते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

फायबर आणि पत्रा

फायबरची होडी कुजत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. मात्र गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सहज तिच्या वरच्या चकचकीत थरातून आत झिरपते आणि तळाला फोड येतात. फोड फोडल्यावर आंबूस वासाचे पाणी निघाले तर ते साधे रंगाचे फुगे नव्हेत. असे फोड घासून उघडावेत, गोड्या पाण्याने वारंवार धुवावेत आणि होडी दोन-तीन आठवडे वाळू द्यावी. ओल्या फायबरवर लावलेला थर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो.

चीर किंवा भोक बुजवताना त्याच्या कडा 80 नंबरच्या कागदाने घासून उतरत्या कराव्यात, म्हणजे भोकापासून चहूकडे निदान पाच सेंटिमीटर उतार मिळतो. धूळ पुसून काचतंतूंच्या चटईचे तुकडे लहानापासून मोठे असे क्रमाने लावावेत. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाची चटई घेतली तर एका चौरस मीटरच्या थराला साधारण एक किलो रेझिन, म्हणजे फायबरचा चिकट द्रव, लागते. प्रत्येक थर ब्रश आपटत बसवून हवेचे बुडबुडे काढावेत. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम इतकाच टाकावा आणि उन्हाळ्यात 1 ग्रॅमपासून सुरुवात करावी. दुपारी केलेले मिश्रण डब्यातच धूर काढत घट्ट होते, म्हणून हे काम सकाळी दहाच्या आत उरकावे. दुकानातून कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर वेगवेगळे मिळाले असतील तर ते दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याचा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि हार्डनर त्यानंतर घालावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच.

पत्र्याच्या होडीचे काम तुलनेने सोपे आहे. गंज तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत काढावा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वर दोन हात रंगाचे. रात्रीचे दव पडल्यावर उघड्या पत्र्यावर पुन्हा गंज चढतो, त्यामुळे जितका भाग एका दिवसात रंगवता येईल तितकाच खरवडावा.

होडी भरली तरी तरंगली पाहिजे

21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वळवाचा वारा या पसरट जलाशयावर काही मिनिटांत लाटा उठवतो, आणि मासेमारीची छोटी होडी तर त्याहून लवकर भरते. लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा तळाशी जात नाही. फायबर आणि पत्रा मात्र बुडतात.

यासाठी किती हवाबंद जागा लागते, याचा हिशोब कठीण नाही. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो वजन उचलते. रिकाम्या फायबरचे वजन 120 किलो असेल, तर बुडाल्यावर त्याचे पाण्यातील वजन सुमारे 40 किलो उरते. तितक्याच वजनाच्या पत्र्याचे मात्र 105 किलोच्या आसपास. वीस लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा स्वतःचे वजन वजा जाता 19 किलो उचलतो. म्हणजे फायबरला तीन आणि पत्र्याला सहा ते सात डबे, इंजिन आणि धरून राहणारी माणसे यांच्यासाठी आणखी दोन. डबे तळाला न बांधता दोन्ही बाजूंना, काठाच्या जवळ आणि बसण्याच्या फळीखाली बांधावेत. तळाशी बांधलेले डबे पाणी भरल्यावर वर येण्यासाठी धडपडतात आणि होडी पालथी करतात. थर्मोकोल वापरायचा असेल तर तो जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच, कारण पेट्रोल आणि फायबरचे रेझिन दोन्ही थर्मोकोल विरघळवतात. दरवर्षी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहावी. लाइफ जॅकेटही त्याच दिवशी घालून पाण्यात उतरावे, कारण जुन्या जॅकेटमधील फोम दबून गेलेला असतो आणि ते हातात घेऊन कळत नाही.

इंजिन असल्यास तीन गोष्टी पुरेत. गिअरचे तेल पांढरट, ताकासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे, सील बदलल्याशिवाय चालवू नये. थंडाव्याचे पाणी फेकणारी रबरी पंखी गाळाने झिजते, ती सुटी आणून ठेवावी. आणि जलपर्णीत किंवा बुडालेल्या खोडावर पंखा आदळला की जी छोटी पिन तुटते, तिच्या दोन जास्तीच्या पिना पक्कडीसह होडीतच असाव्यात.

जाळी

नायलॉन पाण्याने कुजत नाही, उन्हाने मरते. पूर्वीची सुती जाळी झाडांच्या साली उकळून त्या काढ्यात भिजवीत आणि उन्हात वाळवीत. ती सवय तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या एकेरी गुळगुळीत धाग्याच्या जाळ्यांना लावणे चुकीचे आहे. तंगुसावर ऊन पडत राहिले की ते पांढुरके आणि खरखरीत होते आणि गाठीपाशी तुटते. म्हणून जाळे पाण्यातून काढल्यावर जलपर्णीची मुळे, काड्या आणि खवले झटकून, साध्या पाण्यात खळबळून, सावलीत आडव्या बांबूवर टांगावे. साबण लावण्याचे कारण नाही. माशांचा चिकटा राहिलेले जाळे मात्र उंदरांना आमंत्रण देते, आणि उंदराने एका रात्रीत पाडलेली भोके शिवायला आठवडा जातो. जाळे तुळईला टांगून ठेवावे, पोत्यात भरून कोपऱ्यात नव्हे.

जाळ्याची ताकद हाताच्या अंदाजाने ठरवू नये. त्याच जाडीच्या नव्या धाग्याचा तुकडा आणि जुन्या जाळ्यातील तुकडा ताणकाट्याला बांधून तोडून पाहावा. जुना निम्म्याहून कमी वजनाला तुटला तर ते जाळे दुरुस्तीच्या लायकीचे राहिलेले नाही. त्याचे दोर, बोया (जाळे तरंगत ठेवणारे तुकडे) आणि शिसे काढून घ्यावे. उरलेला तंगूस पाण्यात मुळीच टाकू नये. तो कुजत नाही आणि कित्येक वर्षे मासे, पाणकोंबड्या आणि कासवे अडकवून मारत राहतो.

आसाचा, म्हणजे जाळ्याच्या एका भोकाचा, आकार मोजताना एकच आस मोजू नये. दहा आस एका रेषेत ताणून गाठीपासून गाठीपर्यंत एकूण लांबी घ्यावी आणि दहाने भागावे. दुरुस्तीसाठी विणायची पट्टी या मापाच्या निम्म्या रुंदीची हवी, नाहीतर ठिगळाच्या जागी जाळे आवळते आणि मासा तेथूनच निसटतो.

फाटलेला भाग शिवताना जाळे डोळ्यांच्या उंचीवर ताणून टांगावे. लोंबणारे तुकडे कात्रीने असे कापावेत की भोकाच्या कडेला पहिली आणि शेवटची गाठ तीन शाबूत धाग्यांची राहील आणि मधल्या प्रत्येक गाठीला दोन धागे राहतील. हे जमले की निम्मे काम झाले. कारण मग सुई वरच्या तीन धाग्यांच्या गाठीपासून सुरू करून एक ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उलट, अशी विणत शेवटच्या तीन धाग्यांच्या गाठीवर आपोआप येऊन थांबते आणि एकही आस जास्त किंवा कमी होत नाही. कापताना गडबड केली तर विणणारा मध्येच अडतो आणि दोन आस एका गाठीत कोंबतो. साध्या नायलॉनच्या सुतळीला एकेरी गाठ पुरते. तंगूस गुळगुळीत असल्याने त्याला दुहेरी गाठ द्यावी आणि ती थोडी ओली करून ओढावी, नाहीतर घर्षणाने धागा तापून तेथेच कमजोर होतो.

नवे जाळे दोराला बांधताना झोळ किती ठेवायचा, हे पकडीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ताणलेले 20 मीटर जाळे 10 मीटर दोरावर बसवले तर आस उभट शंकरपाळ्यासारखे आणि सैल राहतात आणि कटला-रोहूसारख्या रुंद माशांसाठी ते योग्य ठरते. याहून ताठ बांधले तर मासा फक्त कल्ल्यांत अडकतो, याहून सैल बांधले तर सर्वांगाने गुरफटतो आणि काढताना जाळे फाटते. सकर या परदेशी, उपद्रवी माशाचे काटेरी पंख अडकल्यावर ओढाओढ न करता तो भाग कापून मासा मोकळा करावा. तो पुन्हा पाण्यात मात्र सोडू नये.

बोयांसाठी जुन्या चपलांचे तुकडे सर्रास वापरले जातात आणि ते थर्मोकोलच्या गोळ्यांपेक्षा टिकाऊ असतात, कारण थर्मोकोलचा चुरा होऊन पाण्यात पसरतो. दरवर्षी एकेक बोया दाबून पाहावी. पाणी पिऊन जड झालेली बोया जाळ्याचा वरचा दोर मध्येच खाली ओढते. जाळे एका तलावातून दुसऱ्या तलावात न्यायचे असेल तर ते पूर्ण वाळवूनच न्यावे. जलपर्णीचे बी वर्षानुवर्षे रुजण्यास समर्थ राहते.

गळ, दोर आणि नांगर

गळ वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा बोळा असलेल्या डबीत ठेवावेत. टोक अंगठ्याच्या नखावर तिरपे टेकवून ओढावे. ते रुतले तर धार आहे, घसरले तर बारीक कानशीने टोकाच्या दिशेने घासावे. मरळीचा जबडा कठीण असतो, बोथट गळ तिच्या तोंडात रुतत नाही.

नांगराला नायलॉनचा दोर बांधावा. तो बुडतो आणि ताण घेतो. पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो, पण पाण्यावर तरंगतो, पंख्यात जातो, आणि उन्हाने त्याची पूड हाताला लागू लागली की तो बदलण्याची वेळ झालेली असते. नांगराच्या दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ते पाचपट असावी, म्हणजे आठ मीटर खोलीला 25 ते 40 मीटर. आखूड दोरावर नांगर धरत नाही, लाटेबरोबर उचलला जातो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पळसदेवचे मंदिर पाण्याबाहेर दिसू लागते, तेव्हा आसपासच्या बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळींची खोडेही पृष्ठभागाच्या हातभर खालीच असतात. त्या दिवसांत काठाला समांतर न जाता जुन्या नदीपात्राच्या खोल भागातून जावे. नांगराला तळाच्या बाजूने दुसरा बारीक दोर बांधून त्याला बोया लावल्यास अडकलेला नांगर उलट दिशेने ओढून सोडवता येतो.

पुन्हा पाण्यात उतरवताना

दुरुस्त केलेली लाकडी होडी थेट कामाला लावू नये. काठाजवळ उथळ पाण्यात ती बांधून आत निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि एक-दोन दिवस फळ्यांना पाणी पिऊ द्यावे. पहिल्या काही तासांत सगळ्या सांध्यांतून पाणी येते, त्याने घाबरून पुन्हा वाती ठोकू नयेत. फळ्या फुगल्यावर पाणी उपसावे, कोरड्या कापडाने आतून पुसावे आणि तासाभराने कोणत्या सांध्यात ओल येते ते खडूने खूण करून ठेवावे. तेवढेच सांधे पुन्हा भरायचे असतात. फायबर आणि पत्र्याची होडी एक रात्र तशीच पाण्यात ठेवून सकाळी तळ तपासला तरी पुरे.

जुलैपासून बांधणीचा दोर बदलावा लागतो. उन्हाळ्यात खुंटाला आखूड बांधलेली होडी पाणी वाढल्यावर नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, खाली खेचली जाते आणि भरते. खडकवासला साखळीतील धरणांतून विसर्ग सुरू झाला की तो मुळा-मुठेतून भीमेत येतो आणि दौंडच्या पुढे उजनीची पातळी वेगाने वाढते. म्हणून दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच दिवशी खुंट वर सरकवावा, दोर दुप्पट सोडावा आणि ताडपत्री दोन्ही टोकांना उचलून बांधावी. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आतील पाणी उपसावे, तळाच्या फळ्या उभ्या करून ठेवाव्यात आणि उन्हाची तिरीप आली तर ताडपत्री दुपारपर्यंत गुंडाळून ठेवावी.